आकाशातले डाग
सुरत, मे. रविवार, रात्र.

सुरतेवरच्या 1664 च्या स्वारीत मोगल अधिकारी इनायतखान ज्या किल्ल्यात लपला, त्या तापीकाठच्या किल्ल्याच्या फोटोंचा फिल्म रोल आज धुतला. वाळल्यावर उजेडासमोर धरला, तर आकाशात फिकट, गोल डाग. जीव हळहळला.

मग एकेक शक्यता तपासली. डेव्हलप करताना हवेचा बुडबुडा चिकटला, तर तिथे रसायन पोचत नाही. निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका राहतो आणि प्रिंटवर तो काळा उमटतो. रिळावर चढवताना फिल्म मुडपली, तर चंद्रकोर उमटते. माझे डाग चकचकीत बाजूला होते, पांढुरके, तिरप्या उजेडात ठळक. म्हणजे नळाच्या पाण्याचे थेंब वाळले आणि क्षार मागे राहिले.

रोल पुन्हा भिजवला. शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये वेटिंग एजंटचे दोन थेंब टाकून बुडवला, न पुसता न्हाणीघरात टांगला. पंखा बंद, दार बंद, धूळ नको.

आता आकाश स्वच्छ आहे. घरी फिल्म धुणाऱ्यांनो, रोल टाकून देण्याआधी एकदा तिरप्या उजेडात पाहा. क्षारांचे डाग बहुधा धुऊन निघतात. ओरखडा मात्र कायमचा राहतो.