दोन डबे आणि एक तांब्या

विज्ञानाच्या तासाला मी फळ्यावर जमिनीचे थर काढायचो. लेकरं ते वहीत उतरवायची, परीक्षेत लिहायची. पण आमच्याच कुरणाचा थर मला कधी ओळखता आला नव्हता.

मोताळा तालुक्यात आमचं वडिलोपार्जित वावर आहे. त्याला लागून एकरभर गवत. 2018 च्या वॉटर कप स्पर्धेत याच तालुक्यातलं सिंदखेड राज्यात संयुक्त दुसरं आलं. पाणी जिरवणं आम्हाला नवं नाही. तरी आमच्या कुरणातलं पाणी वरून वाहून जायचं. गवत विरळ झालं, वैरण परवडेना आणि बाबांनी एक गाय विकली. ते मनाला लागलं. पाऊस झाल्यावर सळई खुपसून पाहिली, तर वीतभर जाऊन अडकली. वर्षानुवर्षं ढोरांच्या खुरांनी माती दाबली होती. पाणी आणि मुळं तिथंच थांबत होती.

उपाय होता सबसॉयलर. हा नांगर माती पलटत नाही, जाड लोखंडी दात दीड-दोन फूट खोल घालून कडक थर फोडतो. मी घाई केली. पावसाळ्यातच भाड्याचा ट्रॅक्टर लावला. ओली माती फुटलीच नाही. ओल्या साबणातून दोरा ओढावा तशी नुसती चीर पडली आणि पुन्हा मिटली. पैसे वाया गेले. बाबा एवढंच म्हणाले, "मास्तर, मातीले इचारलं होतं का?"

पुढच्या मे महिन्यात, माती कोरडी ठणठणीत असताना, उताराला आडवे तास घातले. या वेळी आजूबाजूला भेगा गेल्या. पावसाच्या तोंडावर मारवेलचे ठोंब लावले आणि पावसाळाभर चराईबंदी पाळली. कारण नांगराची भेग काळ्या मातीत ओल आली की मिटते. पाण्याची वाट टिकवतात ती गवताची मुळं.

ऑगस्टमध्ये उघडीप पाहून सातवीच्या मुलांना तिथं नेलं. तळ कापलेले दोन डबे मातीत रोवले. दोन्हींत एकेक तांब्या पाणी ओतलं. गवतातलं पाणी बघता बघता जिरलं, गोठ्याच्या वाटेवरचं तसंच राहिलं. नांगर तर दोन्हीकडे फिरला होता!

"मग असं काहून?" मी विचारलं.

एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी एक मुलगी म्हणाली, "सर, इथून रोज ढोरं जातात ना!"

मला दोन उन्हाळे लागले ते तिने दोन मिनिटांत सांगितलं. थर एकदा फोडून भागत नाही, त्यानंतर जमिनीला विसावा द्यावा लागतो.

तुमच्या शाळेजवळ ई-क्लासची जमीन असेल, तर दोन डबे आणि एक तांब्या घेऊन मुलांना नक्की न्या. उत्तर मात्र आधी सांगू नका.