काकांचा दुसरा आकडा

माधव नगरातल्या जुन्या मराठी घरांच्या आठवणी इथे वाचतो आणि दर वेळी वाटतं, आपल्या काकांबद्दल लिहावं. आज लिहितोच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. तोफखान्यात होते. नाशिक रोडला ट्रेनिंग झालं आणि मग नोकरीची बरीच वर्षं उत्तरेच्या बर्फात गेली. त्यांचं काम तोफ उडवायचं नव्हतं. पुढच्या चौकीवर, ओपीवर, साहेबांबरोबर बसायचं, दुर्बिणीतून पाहायचं आणि समोरचं ठिकाण किती लांब आहे ते सांगायचं. रिटायर होऊन माधव नगरात आले तरी ती सवय सुटली नाही. फ्रीगंजला टॉवरपाशी गराडू खात उभे असले तरी मध्येच म्हणायचे, "बापू, ते पाण्याचं टाकं सांग पाहू किती लांब?" मी दोनशे म्हटलं की ते म्हणणार, "कशावरून?"

आम्ही मुलं वैतागायचो. आकडा चुकला तर ते रागवायचे नाहीत, पण "असंच वाटलं" हे उत्तर त्यांना चालत नसे.

लहानपणी ते आम्हाला वेधशाळेत न्यायचे. सवाई जयसिंगांनी बांधलेली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेली ही वेधशाळा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. सम्राट यंत्राच्या सावलीवर वेळ वाचायची आणि काकांच्या घड्याळाशी ताडायची. जमायची नाही. उज्जैनची वेळ भारताच्या प्रमाण वेळेपेक्षा सरासरी २७ मिनिटं मागे, आणि त्यात तारखेप्रमाणे कमी-जास्त. काका म्हणायचे, "सावली खोटं बोलत नाही. दुरुस्ती कोणती लावायची ते तुला माहीत पाहिजे."

तेव्हा हे नुसतं ऐकलं. समजलं चाळीस वर्षांनी, स्पितीत.

झालं असं की माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिथे नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. त्याच्या शेजाऱ्याने त्याला अंतर मोजायचं एक लेझर यंत्र दिलं, मुठीत मावेल एवढं. बटण दाबलं की प्रकाश समोर आदळून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंदच, तेव्हा भाच्याने ते मला दिलं. म्हणाला, "मामा, तुम्ही पक्षी बघायला जाता, घ्या."

त्या फेब्रुवारीत मी किब्बरला चाललो होतो. हिमबिबट्या दिसला तर नशीब, नाहीतर त्याचं भक्ष्य, म्हणजे भरल नावाच्या रानमेंढ्या, तरी दिसतातच. निघण्याआधी यंत्र काकांना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गज का मीटर?"

मी म्हटलं, "काका, असेल ते असेल. मशीन आहे, सांगेल बरोबर."

ते काही बोलले नाहीत. मग एकेक सूचना सुरू झाल्या. सेल खिशात नको, बनियनच्या आत ठेव. काचेवर फुंकर मारायची नाही, वाफ तिथेच गोठते. बाहेरून आलास की दुर्बीण शेगडीपाशी न्यायची नाही. बाहेर असतानाच पिशवीत घालून तोंड घट्ट बांध आणि खोलीत आपसूक गरम होऊ दे. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्याला होतं तेच तिथे दुर्बिणीला होतं, फक्त तिथे बाहेर नेलं की त्याचं बर्फ होतं. मी मान डोलावली आणि निम्मं विसरलो.

किब्बर सव्वाचार हजार मीटरच्या आसपास. पहिल्या सकाळी उणे २२. यंत्र डोळ्याला लावलं तर आकडे इतके मंद की जुना पुसायच्या आत नवा त्याच्यावर उमटत होता. त्या पडद्यातलं द्रव थंडीत आळसावतं. आठ आहे की तीन, कळेना. थोड्या वेळाने सेल संपल्याची खूण आली. नवा कोरा लिथियम सेल होता तो! साध्या अल्कलाइन सेलच्या मानाने लिथियम थंडीत पुष्कळ टिकतो, पण गारठला की बटण दाबताच त्याचाही दाब खाली बसतो. तेव्हा काका आठवले. सेल काढून काखेत धरला. दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा चालू. सेल मेला नव्हता, आखडला होता.

दुपारी बारीक बर्फ पडायला लागलं. दरीच्या पलीकडे भरलांचा कळप होता. सोबतचा गावचा मुलगा वहीत नोंद करत होता. किती नग, कुठल्या उतारावर, किती अंतरावर. मी ऐटीत म्हटलं, "अंतर मी सांगतो." बटण दाबलं. ३८.

मधे एवढी दरी पसरलेली आणि हे म्हणतं ३८. लेझर भरलांपर्यंत पोचलाच नव्हता, पडणाऱ्या बर्फावरूनच परत आला होता. तो मुलगा हसला. मीही हसलो, पण मनात आलं की हा आकडा ३८ ऐवजी ३८० असता, तर मी तो सरळ सांगितला असता आणि त्याने लिहिला असता.

कळपाच्या जवळच एक माणूस कुऱ्हाडीने लाकूड फोडत होता. घाव दिसायचा आणि आवाज मागून यायचा. काकांची युक्ती आठवली. घड्याळ लावून दहा घाव मोजले, सरासरी दोन सेकंद. आणि इथेच ती दुरुस्ती. शाळेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर शिकवतात. उज्जैनच्या ४० अंशांच्या उन्हात तो ३५५ च्या जवळ जातो, उणे २० ला ३१९ च्या आसपास उतरतो. म्हणजे अंतर साधारण ६४० मीटर. हाताने मोजलेलं, पन्नास इकडे-तिकडे धरा.

तासाभराने बर्फ थांबलं. सेल परत काखेत गरम करून यंत्र लावलं. आकडा आला ६९१. मी हिरमुसलो, म्हटलं माझं गणित चुकलं. मग एकदम उजेड पडला. गज! ६९१ गज म्हणजे ६३२ मीटर.

खरं सांगतो, हिमबिबट्या दिसला असता तरी एवढा आनंद झाला नसता. (तो दिसला नाही. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत देशभरात ७१८ निघाले, त्यांतले हिमाचलात ५१. आमच्या वाट्याला एकही नाही.)

परत आल्यावर काकांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "वहीत काय लिहिलंत?"

"दोन्ही आकडे. कशाने मोजला ते पुढे लिहून."

ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. काकूलाही माहीत नव्हती.

एका हिवाळ्यात चौकीवर असंच बारीक बर्फ होतं. समोरच्या धारेवर गोळे टाकायचे होते. काकांनी लेझर लावला, आकडा आला १३४०. स्वच्छ, ठळक, हलणारा नाही. त्यांनी तो सांगितला. साहेबांनी नकाशावरून नजर न उचलता विचारलं, "नकाशा काय म्हणतो?" नकाशा म्हणत होता २१००. मधे एक लहान धार होती, तिच्यावरून वाऱ्याने बर्फ उडत होतं, आणि लेझर त्या उडत्या बर्फावरून परत आला होता. त्या मधल्या धारेच्या खाली आपलीच सात माणसं परतीच्या वाटेवर होती.

गोळा सुटला नाही. कोणाला काही झालं नाही. कुठे नोंदसुद्धा नाही.

"मशीन बंद पडलं असतं तर मी नकाशाच उघडला असता," काका म्हणाले. "थंडीत बंद पडणाऱ्या यंत्राची भीती नाही रे. चालू राहून चुकणाऱ्याची आहे. आणि त्या दिवशी चुकलं यंत्र नाही, मी. मी दुसरा आकडा काढलाच नाही."

टॉवरपाशी गराडू खाता खाता "कशावरून?" का विचारायचे, ते मला त्या संध्याकाळी कळलं. आम्ही ती म्हाताऱ्याची खोड समजत होतो.

काका गेल्या वर्षी गेले. यंत्र माझ्याकडे आहे, आता मीटरवर लावलेलं. सेल काढून वेगळा ठेवतो. परवा नातीला घेऊन वेधशाळेत गेलो होतो. तिने सावली वाचली, माझ्या घड्याळात पाहिलं आणि म्हणाली, "आबा, हे चुकतंय."

मी म्हटलं, "कशावरून?"

आपल्या माधव नगरात तोफखान्यातली आणखी कोणाची माणसं असतील तर जरूर लिहा. आणि ती अजून असतील, तर आजच त्यांच्यापाशी जाऊन बसा.