नादाची शीव

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. भिंतीवर टांगलेले चित्र ज्याला पाहायचे त्यानेच पाहावे. घरात वाजणारा नाद मात्र ऐकू इच्छिणाऱ्यापाशी थांबत नाही. 'होम थिएटर' आपल्या दिवाणखान्यांत आल्यापासून, पूर्वी चित्रपटगृहाच्या मालकाने वाहायची ही जबाबदारी गृहस्थाच्या खांद्यावर आली आहे.

श्रोत्याला नादाने वेढण्याची कल्पना तशी जुनीच. व्हेनिस येथील संत मार्कच्या बासिलिकेत आद्रियान विलार्ट १५२७ साली संगीतप्रमुख झाले. दोन गायकवृंदांनी आळीपाळीने गावे आणि मग एक व्हावे, ही शैली तेथे बहरली. त्याच परंपरेतील जोव्हान्नी गाब्रिएली यांनी १५९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका वाद्यरचनेत कोठे हळू व कोठे जोरात वाजवावे, हे स्वरलिपीतच नोंदवून ठेवले. असे करणाऱ्या आरंभीच्या रचनांपैकी ती एक. पुढे १९४० साली डिस्नींच्या 'फँटेशिया' चित्रपटासाठी प्रेक्षागृहात निरनिराळ्या बाजूंनी आवाज आणण्याची योजना झाली. आज पाच स्पीकर व एक सबवूफर यांचा '५.१' संच खोक्यातून थेट घरी येतो.

असाच एक संच सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नरडाणा येथे, आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात आला. मुलगा तेथील औद्योगिक वसाहतीत नोकरीला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे भाड्याचे घर. सेमिनरीत गायकवृंदाची व्यवस्था माझ्याकडे असे, एवढ्या भांडवलावर त्याने मला हाक मारली, "फादर, तुम्हीच लावून द्या."

मोजपट्टी व सुतळी घेऊन आम्ही कामाला लागलो. बसण्याची जागा मध्यबिंदू धरून समोरचे डावे-उजवे स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर, तर मागचे दोन सुमारे ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे ठेवले. भिंतीला टेकलेला सोफा हातभर पुढे ओढला. ध्वनीला एक मीटर अंतर कापायला सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात. म्हणून प्रत्येक स्पीकरचे अंतर यंत्राला सांगितले, की जवळच्याचा आवाज ते तेवढा मागे धरते आणि सारे स्वर एकाच क्षणी कानी येतात.

घरातील आजी हे सारे शांतपणे पाहत होत्या. चित्रपट सुरू झाला तेव्हा म्हणाल्या, "माले गानं ऐकू येस, पन बोलनं समजस नही." उतारवयात उंच पट्टीचे सूर आधी हरवतात, स, श, त, फ ही व्यंजने त्यांबरोबर जातात आणि शब्द पोकळ होतात. संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात, आणि तो तर कपाटाच्या फळीवर खोल दडलेला होता. त्याला कडेला ओढले, तोंड किंचित वर केले, त्याचा आवाज इतरांपेक्षा थोडा वाढवला. थोड्याच वेळात आजी पडद्यावरील सुनेची बाजू घेऊन सासूशी भांडू लागल्या.

खरा प्रश्न सबवूफरचा होता. खालच्या घरातील गृहस्थ कारखान्यात रात्रपाळी करतात व दिवसा झोपतात. मुलाने खाली जाऊन त्यांना ऐकून पाहण्याची विनंती केली. ते वर येऊन म्हणाले, "बोलणं येत नाही, गाणं येत नाही. पण छातीत धडधड येते." नवल नव्हते. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे त्या खोलीहून मोठी. पडदे आणि सतरंजी खोलीतला घुमारा शोषून घेतात, पण ही लहर त्यांना जुमानत नाही. तिची थरथर स्लॅबमधून खाली उतरते. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर अधिकच घुमतो, म्हणून तो कोपऱ्यातून हलवला, खाली जाड रबर घातले, जोर कमी केला. धडधड उणावली; थांबली मात्र नाही.

मुलगा हिरमुसला. पगारातून साठवून घेतलेली वस्तू, आणि तिचा निम्मा आनंद गेला असे त्याला वाटले. "रात्री दहानंतर मी लावणारच नाही, मग दिवसा काय हरकत?" त्याचा युक्तिवाद कायद्याला धरून होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र म्हणजे दहा ते सहा. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. पण रात्रभर यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या माणसाची रात्र दुपारी बारा वाजता असते. त्यातून खानदेशचा उन्हाळा; खिडक्या उघड्या ठेवल्याशिवाय झोप नाही. कायदा घड्याळ पाहतो. शेजाऱ्याकडे आपणच पाहायचे असते.

मी त्याला उपदेश केला नाही. गाब्रिएलींची गोष्ट तेवढी सांगितली: नादाचा सोहळा मांडणाऱ्यानेच 'येथे हळू' असेही लिहून ठेवले होते.

आता त्या घरी टीव्हीशेजारी एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर खालच्या गृहस्थांच्या पाळ्यांचे वेळापत्रक आहे, त्यांनी स्वतःच लिहून दिलेले. रात्रपाळीच्या आठवड्यात सायंकाळी पाचपर्यंत सबवूफर बंद असतो. पाळी बदलली की तो वाजतो, आणि त्या रविवारी ते गृहस्थ चित्रपट पाहायला वर येतात. मधल्या खुर्चीवर, जेथे पाचही स्पीकरांचा नाद एकत्र मिळतो, तेथे त्यांना बसवले जाते.