रिपोर्ट नॉर्मल, तरी भीती : ‘आयर्न मॅन ३’ची निराशा आणि माझी चूक



आज विषय थोडा वेगळा आहे. सुपरहिरोंचे चित्रपट मी मुलामुळे बघायला लागलो. २०१३ साली ‘आयर्न मॅन ३’ आला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. २००८ आणि २०१० चे आधीचे भाग त्याला जवळजवळ पाठ होते. हा तिसरा भाग बघून आम्ही दोघंही नाराज होऊन बाहेर पडलो, पण कारणं वेगळी होती. मँडरिन नावाचा भयंकर खलनायक मध्येच एक भाडोत्री नट निघतो, म्हणून तो चिडला होता. माझी तक्रार डॉक्टरची होती.

झालं असं, की सुरुवात मला फार आवडली होती. टोनी स्टार्क, म्हणजे रॉबर्ट डाउनी ज्युनिअर, मित्राबरोबर हॉटेलात बसलेला असतो. लहान मुलं चित्रावर सही मागायला येतात. त्यातला एक मुलगा न्यूयॉर्कच्या लढाईबद्दल विचारतो. त्या लढाईत टोनी मरता मरता वाचलेला असतो. प्रश्न ऐकताच त्याच्या हातातला खडू मोडतो, श्वास अडकतो आणि तो धावत बाहेर जाऊन आपल्या लोखंडी सूटमध्ये शिरतो. हृदय तपास, मेंदू तपास, विषबाधा झाली का बघ, असं तो संगणकाला सांगतो. सगळं नॉर्मल. निदान होतं तीव्र चिंतेचा झटका. त्यावर टोनीला खरंच वाटत नाही. मला कसा काय होईल?

हे दृश्य मी ओपीडीत शेकडो वेळा पाहिलं आहे. फक्त सूट नसतो, हातात ईसीजीची फाईल असते.

पुढे मात्र चित्रपटाने हा विषय सोडूनच दिला. झटका पुन्हा येतो तेव्हा एक लहान मुलगा टोनीला सुचवतो, की तू मेकॅनिक आहेस, तर काहीतरी बनव. टोनी कामाला लागतो आणि आजार गायब! हाताला काम असलं की मन थोडं स्थिरावतं, हे खरं. पण तो उपचार नव्हे. श्रेयनामावलीनंतर तर टोनी आपली सगळी कहाणी डॉ. ब्रूस बॅनरला सांगतो आणि बॅनर झोपलेला असतो. आपण त्या प्रकारचे डॉक्टर नाही, असं तो वर सांगतो. थिएटर हसलं. मला राग आला.

त्याच वर्षी माझ्याकडे चाळिशीचे एक टेम्पोचालक आले. साताऱ्याकडून पुण्याला भाजी आणायचे. खंबाटकीच्या बोगद्यात एकदा त्यांना अचानक धडधड सुरू झाली, घाम फुटला, हातांना मुंग्या आल्या, आता आपण मरणार असं वाटलं. मी तपासलं, ईसीजी केला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. बाहेर रांग होती. मी म्हणालो, “काका, तुम्हाला काहीही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका.” आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आठ महिन्यांनी ते परत आले. मधल्या काळात तीन डॉक्टर आणि चार ईसीजी झाले होते. बोगद्याच्या भीतीने टेम्पो निम्म्या किमतीत विकला होता. ते म्हणाले, “काही झालं नाही म्हणालात, मग हे होतंय ते काय?” माझ्याकडे उत्तर होतं. आठ महिन्यांपूर्वीही होतं. मी झोपलेलो नव्हतो एवढाच बॅनरमध्ये आणि माझ्यात फरक.

ते उत्तर आज तुम्हाला सांगतो. धोका दिसला की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं. ॲड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात धावतं, श्वास जलद होतो. जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि चक्कर. पॅनिक अटॅकमध्ये हीच घंटा धोका नसताना वाजते. साधारण दहा मिनिटांत त्रास शिखराला पोचतो आणि मग ओसरतो. त्रास खरा असतो, नाटक नसतं. पण माणूस ती जागा टाळू लागला, की भीती वाढत जाते. आधी बोगदा, मग घाट, मग घराबाहेर पडणंच.

मात्र हे निदान घरी बसून करू नका. छातीत दुखणं, विशेषतः डावा हात किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं, घाम, धाप असेल तर आधी १०८ ला फोन करा किंवा रुग्णालय गाठा. सुरुवातीला एखादा ईसीजी नॉर्मल येऊनही हार्ट अटॅक असू शकतो. थायरॉइड, रक्तक्षय, साखर कमी होणं हेही तपासावं लागतं.

हृदय ठीक आहे असं ठरल्यावर डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा : “मग हे काय आहे आणि यावर उपचार काय?” उपचार आहेत. सीबीटी नावाचं समुपदेशन आणि गरजेनुसार औषधं. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. शेजाऱ्याची झोपेची गोळी घेऊ नका, तिची सवय लागते. ‘टेली मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढल्यावर आमचे काकाही म्हणाले होते, “मी काय वेडा आहे का?” या वेळी मी रांगेकडे बघितलं नाही. नीट समजावलं. ते गेले. काही महिन्यांनी आधी दुसऱ्याच्या शेजारी बसून, मग स्वतः गाडी चालवत त्यांनी तो बोगदा पार केला. पण आता टेम्पो दुसऱ्याचा आहे आणि ते पगारावर आहेत. तो हिशेब माझ्या खात्यात आहे.

तेव्हा “काही झालेलं नाही” एवढ्यावर तुम्ही समाधान मानू नका. डॉक्टर मीच असलो तरी.