आणखी एक वर्ष

दर दिवाळींत आमच्या घरीं एक ठरलेला संवाद होतो. फराळाचीं ताटें उचललीं जात असतात, मी माझा कॅमेरा पुसून पिशवींत ठेवीत असतों, आणि सौभाग्यवती विचारतात, "अहो, यंदां तरी नवा घेणार ना?" मी म्हणतों, "आणखी एक वर्ष काढूं." हें उत्तर मीं प्रथम दिलें तें २०१४ सालीं. तेव्हां त्याच्या मागें निव्वळ काटकसर होती. मुलीच्या शिक्षणाचे दिवस होते. पुढें त्याला तत्त्वज्ञानाचें रूप आलें, आणि अलीकडे तर मला त्याचा अभिमानहि वाटूं लागला होता. जन्मभर इंग्रजी निबंधकारांवर व्याख्यानें देणाऱ्या माणसाला साध्या राहणीविषयीं बोलण्याची संवय लागते, आणि ती घरीं आल्यावर छत्रीबरोबर खुंटीला अडकवितां येत नाहीं.

कॅमेरा निकॉनचा, डी-९० या नांवाचा. २००८ सालच्या ऑगस्टमध्यें तो जाहीर झाला तेव्हां त्याचा बराच गाजावाजा झाला होता, कारण आंत आरसा असलेल्या आणि भिंगें बदलतां येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांत चलच्चित्र टिपणारा तो पहिलाच. मीं त्यावर आजवर एकहि चलच्चित्र घेतलेलें नाहीं. मला मोह पडला तो तो हातांत धरल्यावर. बोटें न सांगतां आपापल्या जागीं जाऊन बसलीं. त्याचे १२.३ मेगापिक्सेल आज कोणी खिजगणतींत धरीत नाहीं. मुलीच्या फोनवर याच्या चौपट आंकडा छापलेला आहे. पण आमच्या दिवाणखान्यांत मेणवलीच्या घाटाचें बारा बाय अठरा इंचांचें जें छायाचित्र लावलें आहे तें याच कॅमेऱ्याचें, आणि अगदीं जवळ जाऊन पाहिलें तरी पायऱ्यांच्या दगडांमधले सांधे त्यांत मोजतां येतात. शिवाय मेगापिक्सेलचा हिशेब मोठा फसवा. बारांचे चोवीस झाले म्हणजे चित्र दुप्पट मोठें होतें असें नव्हे. लांबींत आणि रुंदींत प्रत्येकीं अवघी चाळीस टक्क्यांची भर पडते. हें गणित मीं किती तरी जणांना ऐकविलें आहे. तें बरोबरहि आहे. मात्र बरोबर असलेल्या गणिताच्या आड माणसाला फार दिवस लपून राहतां येतें, हें मला गेल्या वर्षीं कळलें.

झालें असें कीं, डिसेंबरांत विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या तरी तपासण्याची खुमखुमी कांहीं उतरली नव्हती. म्हणून माझ्याच बिघडलेल्या छायाचित्रांची परीक्षा घ्यावी असें मनांत आलें. नव्या कॅमेऱ्याची गरज आहे कीं नाहीं याचा निकाल एकदांचा लावून टाकावा, हाहि हेतु होता. गेल्या तीन वर्षांतील टाकाऊ ठरविलेलीं दोनशें छायाचित्रें निवडलीं आणि प्रत्येकापुढें तें कां फसलें याचें कारण लिहीत गेलों. निकाल माझ्या मताला अनुकूल लागला. कुठें मी घाई केली होती, कुठें नको त्या जागीं उभा होतों, कुठें डोळ्यांऐवजीं कान स्पष्ट आला होता. आणि बऱ्याच ठिकाणीं तर मुळांत टिपण्यासारखें कांहीं नव्हतेंच. ज्यांचा दोष प्रामाणिकपणें कॅमेऱ्याकडे देतां येईल अशीं फक्त एकोणीस निघालीं. मी खूष झालों. मग तीं एकोणीस एका रांगेंत लावून पाहिलीं, आणि खुषी ओसरली. त्यांपैकीं सतरांत आई होती.

आई वाईला, आमच्या जुन्या घरांत राहते. तिचें वय चौऱ्यायशीं. मी पुण्याहून एक शनिवार आड तिच्याकडे जातों. त्या घराच्या माजघराला परसाकडे उघडणारी एकच खिडकी आहे, आणि दिवा एक. तोहि मंद, कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपासून तिला झगझगीत उजेड सोसत नाहीं. फ्लॅशचें तर नांवच काढायला नको. तिचा सारा खरा दिवस याच खोलींत, आणि तोहि संध्याकाळीं, घडतो. ती देव्हाऱ्यापुढें निरांजन लावते, वाती वळते, उद्यांचे तांदूळ निवडते, आणि हें करतांना गांवांतल्या तीन पिढ्यांचा समाचार घेते. दुपारीं अंगणांत "आई, जरा इकडे बघ" म्हटलें कीं ती पदर सारखा करून अशी बसते, जणूं रेशनकार्डासाठींच फोटो निघतो आहे. माझ्या संग्रहांत तीच आई शेंकड्यांनीं आहे. संध्याकाळची आई नाहीं.

ज्यांना या यंत्रांचा नाद नाहीं त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों कीं, उजेड कमी असला म्हणजे छायाचित्रकारापुढें मुख्यतः दोन वाटा असतात. एक, कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढविणें, जिला आयएसओ म्हणतात; दुसरी, शटर अधिक वेळ उघडें ठेवणें. डी-९० आयएसओ ३२०० पर्यंत नीट जातो असें पुस्तिका म्हणते. जातो खरा, पण तिथवर पोचेपर्यंत चेहऱ्यावर रंगीत दाणे पडतात, आणि सुरकुत्या कोणत्या व दाणे कोणते हें सांगतां येत नाहीं. शटर पंधरांश सेकंद उघडें ठेवावें, तर माझा हात हलतो. आईचा हात तर गेलीं पांच-सहा वर्षें हलतोच आहे. परिणामीं सगळीच खोली हलते. मीं दोन वर्षांपासून संध्याकाळीं कॅमेरा पिशवींतून काढणेंच सोडून दिलें होतें, आणि हें सोडल्याचें माझें मलाहि कळलें नव्हतें.

इतकें झाल्यावर दुकान गांठायला हवें होतें. पण मध्यें भिंगांचा प्रश्न आला, आणि त्या प्रश्नानें मला आणखी तीन महिने सुखानें काढूं दिले. निकॉन कंपनीनें १९५९ सालीं भिंग अडकविण्याचें एक धातूचें कडें ठरविलें. पुढें साठ वर्षें, फिल्म जाऊन डिजिटल आलें तरी, तिच्या आरशाच्या कॅमेऱ्यांवर तेंच राहिलें. २०१८ सालीं आरसा काढून टाकलेले कॅमेरे आले आणि त्यांच्याबरोबर नवें कडें आलें. जुन्याचा आंतला व्यास ४४ मिलिमीटर, नव्याचा ५५. जुनीं भिंगें नव्यावर बसविण्यासाठीं कंपनी एक जोडकडें विकते. माझ्यापाशीं भिंगें दोन. एक डी-९० बरोबरच, २००९ सालीं, विकत घेतलेलें. त्यांत स्वतःची मोटार नाहीं. कॅमेऱ्याच्या पोटांतली मोटार एका लहानशा दांड्यानें त्याला फिरवते, तेव्हां चित्र आपोआप स्पष्ट होतें. ही मोटार नव्या कॅमेऱ्यांतहि नाहीं आणि त्या जोडकड्यांतहि नाहीं. दुसरें भिंग वडिलांचें, म्हणजे अण्णांचें. मामांनीं कुवेतहून त्यांच्यासाठीं निकॉन एफएम आणला होता. १९७७ सालीं निघालेला, शटर चालायला बॅटरीहि न लागणारा असा तो भक्कम कॅमेरा. तो आतां अडकून बसला आहे, पण त्याचें पन्नास मिलिमीटरचें भिंग स्वच्छ आहे. तें डी-९० वर बसतें, मात्र बसल्याबरोबर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मुका होतो, आणि मग सारें अंदाजानें करावें लागतें. नव्या कॅमेऱ्यावर तेंच भिंग ठेवलें तर प्रकाशमापन पुन्हां सुरू होतें, आणि जो भाग स्पष्ट झाला असेल त्याच्या कडा पडद्यावर रंगीत होऊन दिसतात, त्यामुळें चष्मेवाल्यालाहि तें हातानें जुळवितां येतें. म्हणजे २००९ सालचें भिंग निम्म्या पगारावर निवृत्त, आणि अण्णांचें पुन्हां नोकरीवर रुजू! असला नियम आमच्या विद्यापीठांतहि मीं पाहिला नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी लग्नाचीं छायाचित्रें काढण्याचा व्यवसाय करतो. त्याला माझी ही रड कळली. "सर, किती दिवस वाचत बसणार?" असें म्हणून त्यानें आपला झेड-५, जोडकड्यासकट, आठ दिवसांसाठीं माझ्या हवालीं केला. हा कॅमेरा २०२० सालचा. म्हणजे तोहि कांहीं अगदीं ताजा नव्हे. त्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, माझ्यापेक्षां क्षेत्रफळानें सव्वादोन पट मोठा, आणि तो आंतल्या आंत हालून आपल्या हाताचा कंप जिरवून टाकतो. विद्यार्थ्यानें हें सर्व मला वर्गांतल्या मुलाला सांगावें तसें सांगितलें. मीं निमूटपणें ऐकून घेतलें.

शनिवारीं संध्याकाळीं माजघरांत बसून मीं त्याला अण्णांचें भिंग लावलें. आई तांदूळ निवडीत होती. तिनें मान वर करून पाहिलें. कॅमेरा नवा कीं जुना याकडे तिचें लक्ष नव्हतें. "हें ह्यांचं ना रे?" ती म्हणाली. "महाबळेश्वरला कठड्यावर घासलं होतं. बघ, चरा असेल." भिंगाच्या कड्यावर चरा होताच, मी त्याला इतकीं वर्षें माझ्या हातून झालेला समजत होतों.

मीं कॅमेरा डोळ्याला लावला आणि क्षणभर बावरलों. खोली मोठी झाली होती. डी-९० चा सेन्सर लहान असल्यामुळें त्यावर पन्नासचें भिंग पंचाहत्तरसारखें वागतें. कडेचें सगळें कापून टाकतें. पाठ भिंतीला टेकवून बसलें तरी मला आई कमरेपर्यंतच मिळत असे. आतां तिच्यामागचें फडताळ, देव्हारा, खुंटीवरची तिची जपाची पिशवी, खिडकींतून दिसणारा परसांतला अळूचा वाफा, असें सर्व चौकटींत आलें. ही चौकट मीं पूर्वीं पाहिली होती. आमच्या जुन्या आल्बममध्यें १९८३ सालचें एक कृष्णधवल छायाचित्र आहे. ऊटीच्या कारखान्याच्या इंदू फिल्मवर, याच भिंगानें, जवळजवळ याच जागेवरून अण्णांनीं तें काढलेलें. त्यांतहि आई तांदूळच निवडते आहे. तें दाणेदार आहे, अंधारें आहे, आईचा हात त्यांत पुसट आला आहे, आणि आमच्या घरांत तें सदोष आहे असें आजवर कोणी म्हटलेलें नाहीं. मीहि नाहीं. अण्णांच्या रोळांत छत्तीस चित्रें असत, आणि तेवढ्यांत गणपति, दिवाळी, मुंजी, सारें बसवावें लागे. तरी त्यांतलें एक त्यांनीं या अपुऱ्या उजेडांत खर्च केलें. मला फुकटांत हजारों काढतां येत होतीं, आणि मी दाण्यांना भिऊन कॅमेरा पिशवींत ठेवीत होतों.

पहिलें चित्र मीं आयएसओ ६४०० वर, शटर भराभर मिटेल असें ठेवून घेतलें. चेहरा लख्ख आला. सुरकुती न् सुरकुती आपापल्या जागीं. हातहि स्थिर आला. दोन बोटांच्या चिमटींत धरलेला खडा दिसतो आहे. आईचा हात इतका स्थिर मीं कित्येक वर्षांत पाहिलेला नाहीं, आणि तो पाहून मला बरें वाटलें नाहीं. तो कोणा दुसऱ्याच बाईचा हात होता. मग आयएसओ उतरवला, शटर पंधरांश सेकंदावर आणलें, कॅमेऱ्याला भिंगाचें नाभ्यंतर सांगून ठेवलें आणि श्वास धरून बटण दाबलें. त्या कॅमेऱ्यानें माझा कंप जिरविला, आईचा नाहीं. फडताळ स्थिर, देव्हारा स्थिर, सूप स्थिर, चेहराहि जवळजवळ स्थिर. आणि या सगळ्याच्या मध्यें हात तेवढा हलतो आहे. डी-९० वर दोघांचे हात मिळून जी खोली हालवीत असत, तींतून त्या यंत्रानें माझा हात बाजूला काढला होता.

मीं तें चित्र मोठें करून आईला दाखविलें. तिनें चष्मा सारखा केला, बराच वेळ निरखून पाहिलें. मी कांहींतरी ऐकायला उत्सुक होतों. ती म्हणाली, "फडताळाचं दार उघडं राहिलंय. उंदीर शिरेल." आणि उठून तें लावून आली.

पुढच्या आठवड्यांत मी दुकानांत गेलों. कोरा कॅमेरा घेण्याइतकी क्रांति माझ्या हातून झाली नाहीं. तिथें एकाचा वापरलेला झेड-५ विक्रीला आला होता. त्या गृहस्थाला त्याच्यापुढचें मॉडेल हवें होतें. (त्याच्या घरीं दिवाळीला काय संवाद होत असेल, असा विचार मनांत आलाच.) तरीहि जोडकड्यासह जी रक्कम मोजावी लागली ती माझ्या जवळजवळ अर्ध्या पगाराइतकी होती. डी-९० बदलींत द्यावा म्हणून बरोबर नेला होता. दुकानदारानें शटरचा आंकडा काढून पाहिला. अठ्ठावन्न हजार. एक लाखापर्यंतची चांचणी घेतलेलें तें शटर. म्हणजे अजून बरेंच आयुष्य शिल्लक. परंतु त्यानें सांगितलेली किंमत ऐकून मीं कॅमेरा पुन्हां पिशवींत घातला. माझें २००९ सालचें भिंग त्याच्यावरच नीट चालतें. घाटाच्या पायऱ्यांना तेवढें पुष्कळ आहे. सौभाग्यवतींनीं घरांत दोन कॅमेरे पाहिले, आणि कपाटाच्या त्या खणांतले त्यांचे शालीचे दोन डबे मुकाट्यानें दुसरीकडे हलविले.

त्या शनिवारीं वाईला पोचायला मला उशीर झाला. दिवेलागण होऊन गेली होती. आई सूप घेऊन नेहमींच्या जागीं बसली होती, आणि फडताळ तिनें आधींच लावून ठेवलें होतें.