गायरानातील शिसे

गाय रानात चरावयास सोडली की आपली काळजी मिटली, अशी बहुतेकांची समजूत असते. रानातले गवत, ओढ्याचे पाणी, मोकळी हवा. याहून निर्मळ आहार तो कोणता? वाचकहो, माझीही समजूत अशीच होती. आमच्या चांदी नावाच्या कालवडीने ती मोडली.

एके सकाळी तिने वैरणीला तोंड लावले नाही. ती नुसती दात खात उभी होती. दुपारपर्यंत तिला दिसेनासे झाले आणि गोठ्याच्या भिंतीला डोके लावून ती भिंत जणू ढकलू लागली. कोणी म्हणाले दृष्ट, कोणी म्हणाले सर्पदंश. पशुवैद्यांनी मात्र तिचे डोळे पाहिले आणि गुरे कोठे चरतात, एवढेच विचारले. गायरानाचे नाव घेताच माझ्याच मनात चर्र झाले. त्या गायरानाच्या कडेला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणारी एक भट्टी दोन वर्षे चालत होती. गावातील चौघांना काम मिळते, म्हणून कोणीच हरकत घेतली नव्हती. मीही नाही.

औषधोपचार झाले, पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी चांदी गेली. तिच्या रक्तात शिसे निघाले.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते मी वाचून काढले. मोटारीच्या बॅटरीचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते. उघड्या भट्टीतून ते धूर आणि धूळ होऊन आसपासच्या रानावर बसते. गवताची मुळे शिसे फार थोडे वर चढवितात. खरा धोका पात्यांवरच्या धुळीचा आणि मातीचा. गवत भरघोस असते तेव्हा गाय शेंडे खुडते. उन्हाळ्यात ते खुरटले की ती मुळाशी तोंड घालते आणि घासागणिक माती गिळते. फुटक्या बॅटऱ्या गुरे चाटत बसतात. पोटात गेलेले जड तुकडे तळाशी राहून हळूहळू विष सोडतात आणि त्याचा काही अंश दुधातही उतरतो.

हे वाचले आणि नातवंडांच्या पेल्यांकडे माझी नजर गेली. तपासणी होईपर्यंत आम्ही सारे दूध खड्ड्यात ओतले. मुलांचे रक्त निर्दोष ठरले, तेव्हा कोठे घरातल्यांच्या घशाखाली घास उतरला.

आपल्या देशात पेट्रोलमधील शिसे 2000 साली बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर 2017 पासून कडक मर्यादा आली. जुन्या बॅटऱ्यांसाठी 2001 साली आणि पुन्हा 2022 साली नियम झाले. परंतु नियम काही गुरे राखीत नाहीत. ती आपणच राखावयाची असतात.

भट्टी आता बंद झाली आहे. माती मात्र तशीच आहे. शिसे सडत नाही, फारसे खोल झिरपत नाही. वरच्या थरातच पिढ्यान्‌पिढ्या राहते. त्या जागेला आम्ही कुंपण घातले आहे.

वाचकहो, आपल्या घरातील इन्व्हर्टरची बॅटरी निकामी झाली, म्हणजे चार पैसे अधिक देणाऱ्याच्या हाती ती देण्यापूर्वी क्षणभर थांबा. ती कोणाच्या गायरानात फुटणार आहे, एवढे मात्र अवश्य विचारा.