आजीची खुर्ची

2025 च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे कॅलिफोर्नियात होतो. सात वर्षांच्या नातवाने विमानतळावरच बजावले होते, "आजोबा, डिस्नेलँड!" तेव्हा अनाहाइमची वारी चुकणार नव्हतीच. प्रश्न होता तो सौभाग्यवतींच्या गुडघ्यांचा. बागेच्या दाराशी चाकांची खुर्ची भाड्याने मिळते. मुलाने ती आणली मात्र, सौ.चा चेहरा उतरला.

"मी काय आजारी आहे? तुम्ही या हिंडून. मी बसते इथेच बाकावर."

शेवटी "आजी, मी ढकलणार!" असा नातवाने हट्ट धरला तेव्हा ती बसली, पण पदर असा घट्ट लपेटून, की सारे अनाहाइम तिच्याकडेच पाहत असावे!

17 जुलै 1955 रोजी वॉल्ट डिस्नेने ही बाग उघडली. आत शिरताच जुन्या अमेरिकन गावातला एक रस्ता लागतो. त्यावरच्या घरांचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे बांधलेले आहेत. त्यामुळे घरे उंच भासतात आणि तरीही पोरांना त्यांचे दडपण येत नाही. पुढचा राजवाडा अवघा 77 फूट उंच; पण बघणाऱ्याची मान आपोआप वर जाते. फसवणूकच ही, पण नाटकातल्या पडद्याइतकी प्रामाणिक.

समुद्री चाच्यांची होडी मला सर्वांत आवडली. ही 1967 सालची. पहिली काही मिनिटे तिच्यात काहीच घडत नाही. काळोखे पाणी, काजवे, रातकिड्यांची किरकिर. आपण सैलावतो, आणि मग होडी एकदम खाली कोसळते! पूर्वरंग नीट रंगल्याशिवाय कीर्तनकार आख्यानाला हात घालत नाही, तसेच हे. पण 2006 साली इथे एक गोष्ट बिघडवली गेली असे मला वाटते. या होडीवरून पुढे चित्रपट निघाला, तो गाजला, आणि त्यातला जॅक स्पॅरो होडीच्या वाटेवर आणून बसवला. आता लोक चाच्यांचे गाव बघत नाहीत. जॅक कुठे दिसतो, तेवढेच बघतात. मुलाने बापाच्या घरात येऊन बैठकीची खोली बळकवावी, तसा हा प्रकार.

हीच तक्रार 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'बद्दल. देशोदेशींच्या बाहुल्यांची ही जलयात्रा 1964 सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी युनिसेफच्या गौरवार्थ बनवली आणि 1966 साली इथे आणली. मेरी ब्लेअर या चित्रकर्तीचे रंग असे, की त्यांनीच मन प्रसन्न व्हावे. सगळ्या बाहुल्या एकसारख्या, कोणी मोठे नाही, कोणी प्रसिद्ध नाही. सारे मर्म त्यातच होते. 2009 साली त्यांच्यात डिस्नेच्या चित्रपटांतली पात्रे मिसळली. आमचा नातू होडीत बसल्यापासून "ॲलिस! पीटर पॅन!" अशी हजेरी घेत होता.

"अरे, तो बघ आपला ताजमहाल!" मी म्हणालो.

"थांबा ना आजोबा, आता अल्लाउद्दीन येईल!"

ताजमहाल मागे गेला. मुलाच्या घरी रोज रात्री त्याला आपल्या देशाच्या गोष्टी सांगणारा मी, मला हे जरा लागलेच.

शेवटच्या दालनात सारे पांढरेशुभ्र होते. तिथे माझा दंड कोणीतरी दाबला.

"अहो, ती बघा!"

बाहुल्यांच्या मेळ्यात एक बाहुली चाकांच्या खुर्चीत बसून इतरांबरोबर आनंदात होती. अशा बाहुल्या 2022 साली इथे आल्या. त्याही मागाहूनच आलेल्या. पण कोणाचेही नाव मिरवीत नव्हत्या, म्हणून त्या मेळ्यात सहज सामावून गेल्या होत्या. सौ. वळून वळून पाहत राहिली. होडीतून उतरल्यावर ती आपण होऊन खुर्चीत बसली, आणि पदर लपेटायचा राहून गेला.

रात्री 'पेंट द नाइट' ही दिव्यांची मिरवणूक पाहिली. बागेच्या साठाव्या वर्षी, 2015 साली ती सुरू झाली होती; सत्तराव्या वर्षी पुन्हा आणली. तिची आजी म्हणजे 1972 सालची विजेची मिरवणूक. त्या जुन्या मिरवणुकीची धूनही हिच्यात मधूनमधून ऐकू येते. पण जुनीची छायाचित्रे पाहिली, की फरक कळतो. तिथे काळोखात बारीक दिव्यांनी आकृती रेखलेली असे, दारापुढच्या पणत्यांसारखी. इथे रथ क्षणोक्षणी रंग पालटतात. डोळा ठरतच नाही. शिवाय पुण्याच्या विसर्जनात पथक चौकात थांबते, ताशा तडतडतो, पाहणाराही नकळत ठेका धरतो. इथे मिरवणूक आपल्या वेळापत्रकाने पुढे सरकत राहते आणि आपण दोरीअलीकडे उभे.

हे सारे मी सौ.ला समजावून सांगत होतो. खुर्चीवाल्यांसाठी पुढे राखून ठेवलेल्या जागेत ती बसली होती. एक नर्तकी नाचता नाचता तिच्यासमोर वाकली आणि तिने हात हलवला. सौ.ने दोन्ही हात वर करून उत्तर दिले.

"तुमचं चालू द्या हो," ती मान न वळवता म्हणाली, "पण बाळ, उद्या यायचं झालं तर ही खुर्ची पुन्हा मिळेल का रे?"